विश्राम कामथ्यांच्या देवांची वाटणी

आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाचा शिरा विश्राम कामथे करत. मंडळ छोटं होतं. कुणी केंद्र सरकारच्या कचेरीत, कुणी हवाई दलात, कुणी बँकेत. बदलीचा हुकूम आला की सगळेच सामान बांधून निघणारे. कामथे तेवढे कायमचे. ते फौजेत ट्रक चालवत असत. पासष्टच्या लढाईनंतर सुटले, पण पुरंदर तालुक्यातल्या आपल्या गावी न जाता चंदीगडलाच राहिले. सेक्टर बावीसमध्ये जगीर सिंग नावाच्या माणसाबरोबर भागीत चहा-भजीची टपरी टाकली आणि तिथेच एका घराच्या मागच्या अंगाला खोली घेतली. बायको लग्नानंतर लवकरच बाळंतपणात गेली होती, मूलही वाचलं नव्हतं. पुन्हा लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, "वेळच झाला नाही."

एकदा गणपतीच्या आधी मी त्यांची मोठी कढई मागायला खोलीवर गेले होते. खोलीत खाट, लोखंडी ट्रंक, सायकल आणि खुंटीवर फौजेचा जाड कोट. कोनाड्यात तांब्याच्या ताम्हनात चांदीचे पाच टाक होते. खंडोबा घोड्यावर, मागे म्हाळसा. भवानी, भैरोबा, आणि पूर्वजांचे दोन, चेहरे झिजून सपाट झालेले.

"देव तुमच्याकडे कसे?" मी विचारलं. "गावी नाहीत?"

"थोरला मी. थोरल्याकडं देव. आसाम, लडाख, सगळीकडं फिरलेत माझ्यासंगं. सुट्टीत जेजुरीला न्यायचे, भेट घडवायची, परत आणायचे."

"ट्रकमधून?"

"मग काय विमानानं? घोड्यावर बसायची सवय हाय त्यांना, ट्रकचं काय एवढं."

कामथ्यांना मी यापेक्षा जास्त ओळखत होते असं म्हणता येणार नाही. पुढे मंडळातल्या इतरांनी तर तितकंही ओळखत नसल्याचं सांगितलं.

मग शहरातल्या टपऱ्या हटवायचं ठरलं आणि टपरीवाल्यांना पक्के बूथ मिळाले. जगीर सिंगने अर्जावर एकट्याचंच नाव घातलं होतं. कामथ्यांना ते कळलं पेंटर शटरवर नाव रंगवायला आला तेव्हा. तरी ते आठवडाभर रोजच्यासारखे कामाला गेले. डिसेंबरची थंडी होती. जगीर सिंग आणि त्याचा मेहुणा भट्टीच्या उबेला बूथमध्येच झोपत. कामथ्यांनी दोघांना झोपेत भट्टीच्या सळईने मारलं. सकाळी ते बाहेरच्या बाकावर बसून होते. पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला म्हणाले, आज चहा नाही.

रागाच्या भरात झालं असतं तर कदाचित जन्मठेपेवर भागलं असतं, असं त्यांच्या वकिलाने माझ्या यजमानांना सांगितलं. आठवडाभर विचार करून केलेलं होतं. फाशी झाली, वरच्या कोर्टातही कायम राहिली, दयेचा अर्ज फेटाळला गेला. मंडळात सगळे एव्हाना त्यांचा उल्लेख "तो" असा करू लागले होते. मला ते जमलं नाही. सवयीचा भाग, दुसरं काही नाही.

माझे यजमान, श्यामकांत, तेव्हा मंडळाचे चिटणीस होते. कामथ्यांनी जेलमध्ये जवळचं माणूस म्हणून मंडळाचा पत्ता दिलेला होता, त्यामुळे फाशीच्या तारखेचा निरोप आमच्या घरी आला. घरमालकाने खोली केव्हाच रिकामी करून सामान एका कोपऱ्यात टाकलं होतं. त्याचं काय करायचं ते कामथ्यांनी सांगितलं: सायकल घरमालकाला, भांडी ज्याला हवी त्याला, कढई मंडळाला. ट्रंक आणि कोट भाऊ येईल त्याला.

कढईवरून मंडळाची बैठक झाली. सुनेत्राबाई म्हणाल्या, "शिरा करताना रोज तो माणूस डोळ्यांसमोर येणार. मी तरी खाणार नाही." कुणी म्हणालं, कढईने काय केलंय? कुणी म्हणालं, विकून टाकू. शेवटी आमच्या घराजवळच्या गुरुद्वाऱ्यात नेऊन दिली. तिथल्या सेवेकऱ्याने आत किती डाळ मावेल एवढंच विचारलं.

फाशीच्या आधी आठवडाभर भाऊ आला. सदाशिव नाव. पन्नाशीचा, पागोटं बांधलेला, अंगात दोन सदरे एकावर एक. अंबाल्याला गाडी बदलताना कुणीतरी घोंगडी पळवली म्हणून गारठलेला. दुसरीकडे कुठे उतरवणार? आमच्या बंद व्हरांड्यात त्याची खाट टाकली. नयना तेव्हा आठ वर्षांची. मी तिचं अंथरूण आमच्या खोलीत आणलं आणि व्हरांड्याच्या दाराला आतून कडी लावली. यजमान म्हणाले, "खून याने केलेला नाही." ते मलाही ठाऊक होतं. तरी मी कडी काढली नाही.

नयनाला कड्यांशी देणंघेणं नव्हतं. सकाळी मी उठून पाहते तर ती त्याच्यासमोर बसलेली. "अंकल, आपको लूडो आता है?" सदाशिव म्हणाला, "बाय, मला मराठी येतंय तेवढंच." तीही हटली नाही. त्यांचा डाव चालू झाला, प्रत्येक जण आपापल्या भाषेत रडीचा डाव खेळत होता.

पहिल्याच दिवशी त्याने घरमालकाकडून आणलेली ट्रंक उघडली. कोट, दोन सदरे, दाढीचं सामान, फौजेचं एक पदक. सगळं बाहेर काढून त्याने ट्रंक उलटी करून झटकली.

"ताई, देव कुठायत?"

मला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्याने सांगितलं ते असं: माघात त्याच्या मुलाचं, सुरेशचं, लग्न ठरलं होतं. मुलीकडचे खंडोबाचेच भक्त. भाऊ फासावर जाणार हे त्यांनी गिळलं होतं. दूरदेशी झालेली गोष्ट, गावात कुणी पाहिली नव्हती. पण देवाशिवायचं घर त्यांना चालणार नव्हतं. देवांसमोर गोंधळ झाल्याखेरीज सून घरात यायची नाही. थोरला भाऊ हयात असेपर्यंत देव त्याच्याकडे, म्हणून इतकी वर्षं सदाशिवच्या घरी पाटावर सुपारी मांडून सण होत होते. देव घेऊन यायचं, असं मुलीच्या बापाला सांगून तो निघाला होता.

"आणि भावाला भेटायला," मी म्हणाले.

"त्ये तर हायेच," तो म्हणाला.

भेटीसाठी मलाही जावं लागलं. कैद्याचं बोलणं कळेल असा अधिकारी हजर पाहिजे, असा तिथला दंडक. मराठी कुणाला कळत नव्हती. यजमानांच्या कचेरीत तपासणी चालू होती. म्हणून दुभाषी मी. मधे बारीक जाळी, पलीकडे कामथे, अलीकडे स्टुलांवर आम्ही, बाजूला खुर्चीत जेलचे डेप्युटी साहेब. कामथ्यांचं वजन वाढलं होतं. ते भावाला म्हणाले, "म्हातारा दिसाय लागलास." भाऊ म्हणाला, "तू काय तरणा हायेस?" मग सदाशिवने देवांचं विचारलं.

कामथ्यांनी सांगितलं ते मी डेप्युटी साहेबांना हिंदीत सांगत गेले. खोलीची झडती झाली तेव्हा पोलिसांना फडक्यात गुंडाळलेले टाक सापडले. जगीर सिंगच्या बायकोने आपली चांदी गेल्याचं लिहून दिलं होतं. कोरलेली चांदी, पाच नग, म्हणून ती तिचीच धरली गेली आणि खटला संपल्यावर कोर्टाने तिच्या हवाली केली.

"मग तू बोलला न्हाईस?" सदाशिवने विचारलं.

"वकील म्हणाला, चांदी मागाय लागलास तर जज्जसाहेब म्हणतील, याला दोन माणसांपरीस चांदी मोठी. खरंच वाटलं मला त्ये."

डेप्युटी साहेबांनी मला विचारलं, "तो वो चाँदी इसकी थी?"

"चाँदी नहीं जी, भगवान थे."

"ये तो अब कचहरी से भी नहीं निकलेगा," ते म्हणाले. "औरत से ही पूछ लो."

जगीर सिंगची बायको तेज कौर आता तो बूथ स्वतः चालवत होती. चाळिशीची, उंच, हातात झारा. सदाशिवला मागे उभं करून मी कोण, कुठली ते सांगितलं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"भाई है?"

"हाँ."

"शकल मिलती है." तिने कढईतली भजी काढली, पुढचा घाणा सोडला. "कचहरी में तो कोई भाई नहीं आया था."

मी टाकांचं सांगितलं. चांदीसाठी नाही, घरातले देव आहेत, पोराचं लग्न अडलंय. ती सगळं ऐकून घेत भजी उलटत होती. मग म्हणाली, "मेरी नहीं थी, ये मुझे पता था. पुलिसवाले ने पूछा, घर की चाँदी गई? मैंने कहा, गई. सच में गई थी. बाद में पता चला कि सरदार जी ने ख़ुद ही बेच खाई थी. तब तक ये मेरे हाथ में आ चुकी थी."

"मग परत का नाही केली?" माझ्या तोंडून मराठीतच निघालं, मग हिंदीत विचारलं.

"किसको करती, बीबीजी?"

तिने हात पुसले आणि आम्हाला मागे बोलावलं. बूथच्या मागच्या भिंतीत एक फळी होती. तिच्यावर शेंदूर लावलेला एकच टाक, पुढे पणती. घोड्यावरचा खंडोबा.

"गुग्गा पीर," ती म्हणाली. इकडच्या गावागावांत गुग्ग्याची ठाणी आहेत. घोड्यावर बसतो, सापकिरडूपासून राखतो. शीख असोत, हिंदू असोत, बायका त्याला मानतात. "घोड़े वाला देखा तो मैंने रख लिया. मेरे मायके में इसी की मढ़ी है. पीछे जो बैठी है वो इसकी घरवाली होगी. बाक़ी चार की शकल मैं नहीं पहचानती थी."

"त्यांचं काय केलं?"

तितक्यात तिची मुलगी शाळेतून आली, नयनाएवढीच. दप्तर टाकून आईच्या ओढणीला हात पुसू लागली. पायांत चांदीचे नवे जाडजूड पैंजण होते. सदाशिवला हिंदी येत नव्हती, पण त्याने मुलीच्या पायांकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं आणि त्याला कळलं. भवानी, भैरोबा आणि दोन पूर्वज. तो दोन पावलं मागे सरला, आणि मुलगी जाईपर्यंत त्याने नजर वर केली नाही.

"हा एक तरी द्या म्हणावं," तो मला हळूच म्हणाला. "खंडोबा असला तर भागंल."

मी विचारलं. तेज कौर ताबडतोब नाही म्हणाली नाही. पणतीची वात पुढे सारली.

"भाई को नहीं दूँगी. भाई ने मेरा क्या बिगाड़ा है जो मुझसे माँगे? वो माँगे. अपने मुँह से, मेरा नाम लेकर. फिर देखूँगी."

परतताना सदाशिव जवळजवळ खुशीत होता. "मागंल की. त्यात काय? दोन शब्द." त्याने नयनासाठी रेवड्या घेतल्या.

शेवटची भेट फाशीच्या आदल्या दिवशी. तीच जाळी, तीच स्टुलं. मी कामथ्यांना तेज कौरचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, पैंजणांसकट. लपवून काय उपयोग होता? पैंजणांचं ऐकून त्यांनी फक्त विचारलं, "पोरगी केवढी हाय?" मी सांगितलं. "मी गेलो तवा मांडीवर होती," ते म्हणाले.

"आता बोल," सदाशिव म्हणाला. "ताई सांगत्याल तिला. तू नुस्तं म्हण."

"न्हाई."

"काय न्हाई?"

"तिच्या घरातली दोन माणसं नेली मी. आता तिच्याच दारात उभा राहून आणखी माझं माझं करू?"

सदाशिव उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला. "नको करूस! तुझी लाज तुझ्यापाशी ठेव आन् माझ्या पोराचं लगीन मोडू दे! जल्मभर थोरला थोरला म्हणून देव खिशात घालून हिंडलास. आम्ही सुपाऱ्या पुजल्या. भावकी हसली. आई मेली तवा देवापुढं दिवा न्हवता घरात. आन् आता, उद्या—"

डेप्युटी साहेबांनी मान पुढे केली. "क्या कह रहा है?"

"शादी की बात है," मी म्हणाले.

"किसकी?"

"इनके भतीजे की."

"मुबारक हो," ते सवयीने म्हणून गेले, आणि मग चष्मा काढून पुसू लागले.

कामथे खाली मान घालून बसले होते. ते मला म्हणाले, "वैनी, सायबांना इचारा, चिमूटभर हळद मिळंल का? सैपाकघरात असंल."

"हल्दी? चोट लगी है?"

मी सांगितलं की भाऊ वेगळे होतात तेव्हा देवांची वाटणी करतात. थोरल्याने हळद-सुपारी देऊन मोकळीक दिली की धाकट्याला आपल्या घरी नवे देव घडवता येतात. जुने थोरल्याकडेच राहतात.

"भगवान का बँटवारा?" साहेबांना मौज वाटली. "हमने तो मुल्क का देखा, फिर सूबे का देखा. अब इसी शहर पर दो भाई लड़ रहे हैं कि किसके पास रहे. ये आसान रहेगा." त्यांनी शिपायाला स्वयंपाकघरात पिटाळलं. सुपारी मात्र जेलमध्ये नव्हती. साहेबांनी स्वतःच्या खिशातली पुडी काढली; बडीशेपेत कातरलेली सुपारी. "साबुत नहीं है. चलेगी?"

"चालंल," कामथे म्हणाले.

"न्हाई चालत," सदाशिव म्हणाला. "आन् नव्या देवांना जुन्यांची भेट घडवाय लागती जेजुरीत. जुने इथं, त्या बाईच्या फळीवर. भेटीबिगर नवे देव बसत न्हाईत, भावकी इचारंल."

"भावकीला सांग, दादानं वाटणी केली. थोरल्याचे देव थोरल्याच्या वाट्याला आले. ते हायेत तिथं राहत्याल." कामथे आता भरभर बोलत होते. "तू नवे कर, पाचही. जेजुरीला ने. भेटीचं माझ्याकडं. उद्या सकाळी मला खंडोबाच्याच दारात उभं राहायचंय. मी सांगतो त्याला."

सदाशिव उभाच होता. जाळीतून बोट जात नव्हतं. कामथ्यांनी वाटीतली हळद बोटावर घेऊन जाळीला लावली, दाबून, आणि बोट तिथंच ठेवलं. सदाशिव बघत राहिला. मग त्याने पागोटं सारखं केलं, पुढे झाला आणि पलीकडून बोटाने हळद टिपून कपाळाला लावली. उरलेली रुमालात घेतली. शिपायाने सुपारीचे दोन कातर त्याच्या हातावर ठेवले. कामथे हलक्या आवाजात येळकोट म्हणाले, सदाशिवने जय मल्हार म्हटलं. साहेबांनी मला काय म्हटलं ते विचारलं नाही.

"आता तू तुझ्या घरचा थोरला," कामथे म्हणाले. "कोट घालून जा. थंडी लई हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाशी झाली. देह सदाशिवने ताब्यात घेतला. स्मशानात माझे यजमान होते, घरमालक होता, आणि मंडळातले श्रीराम दातार, जे कढईच्या बैठकीत एक शब्द बोलले नव्हते. दोन दिवसांनी सदाशिव कोट घालून आणि रुमाल आतल्या सदऱ्याच्या खिशात ठेवून निघाला. नयनाने त्याला बसमध्ये खायला स्वतःच्या डब्यातली बिस्किटं दिली. नवरीचा बाप जेलमधल्या वाटणीला काय म्हणेल याची त्याला धास्ती होती. बसस्टँडच्या वाटेत म्हणाला, "मान्य कराय लागंल. मेलेल्या माणसाचा शब्द हाय." माघात लग्न झालं. नवे टाक जेजुरीच्या सोनाराकडून घडवून घेतल्याचं त्याने पुढे कळवलं.

सदाशिव गेल्यावर मी तेज कौरकडे गेले. निरोप माझ्याकडे दिला होता, तेव्हा उत्तर पोचवणं माझ्याकडेच आलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कमी. तिने मला बाक पुसून दिला.

"माँगा उसने?"

"नहीं."

"मेरा नाम लिया?"

"नाही. तुमच्या दारात आणखी काही मागणार नाही म्हणाले." मी ते हिंदीत सांगितलं.

तिने परातीत बेसन ओतलं. "माँगता तो भी न देती," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पता नहीं. शायद दे देती." पाणी घालून ती पीठ फेटू लागली, आणि कोपरापर्यंत हात भरल्यावर थांबली.

"तो अब ये मेरे पास ही रहेगा?"

"हाँ. हिस्से में यहीं आया है."

"आपकी तरफ़ क्या नाम है इसका?"

"खंडोबा."

तिने दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकीचं. "गुग्गे का घोड़ा नीला होता है. इसका?"

"सफ़ेद."

"चाँदी में तो पता ही नहीं चलता." तिने मागच्या फळीकडे मान वळवली. "और चढ़ता क्या है इसको? मैं तो सेवइयाँ रख रही थी."

वांग्याचं भरीत आणि रोडगे, असं मी सांगितलं. वर्षातून एकदा, चंपाषष्ठीला.

"बैंगन?" तिला ते खरं वाटेना. "बैंगन के पकौड़े तो यहाँ रोज़ तलते हैं. उसी में से रख दूँगी."